कोलियूरचा मनोरा पाण्यात का उभा आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दक्षिण फ्रान्सच्या सहलीत कोलियूर या बंदरगावात एक रात्र मुक्काम आहे. फोटोंमध्ये तिथल्या चर्चचा गुलाबी टोपीचा मनोरा थेट पाण्यात उभा दिसतो. समुद्र आत सरकला म्हणून असं झालं, की ते मुळात दीपगृह होतं? आणि हे गाव नक्की फ्रेंच की स्पॅनिश?

आधी थेट उत्तर देतो. समुद्र आत आलेला नाही. मनोरा पहिल्यापासून तिथेच, पाण्याच्या कडेला होता. चर्च नंतर येऊन त्याला चिकटलं, आणि तेही आपखुशीने नाही. त्याची जुनी जागा लष्कराने घेतली होती. दीपगृहाचा अंदाज मात्र बरोबर आहे. मध्ययुगात बंदराच्या तोंडाशी खुणेसाठी आणि टेहळणीसाठी तो मनोरा होता. रात्री वर जाळ पेटवायचा, दिवसा धूर करायचा. घंटा त्यात फार पुढे बसल्या आणि ती गुलाबी टोपी तर 1810 मधली.

मी गेली बावीस वर्षं जुन्या तटबंद्यांच्या दुरुस्तीचं काम करतो, बहुतेक कोकणात. कोलियूरला दोनदा गेलो आहे, त्यातल्या एका खेपेला फक्त भिंती पाहत चार दिवस काढले. तेव्हा हे उत्तर गवंड्याच्या नजरेने दिलेलं आहे असं समजा. चित्रकलेवर तुम्हाला माझ्याहून चांगलं सांगणारे शंभर जण भेटतील.

कोकणातला माणूस तिथे पहिल्यांदा उभा राहिला की एका गोष्टीने चकतो. पाणी हलतच नाही. आपल्याकडे सकाळी होडी चिखलात आडवी पडलेली असते आणि दुपारी तीच तरंगते. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम वीतभर. त्यामुळे पाण्याला लागून पाया घालता येतो, रेतीवर ओढलेली होडी पाण्यापासून चार पावलांवर ठेवता येते आणि घराचा उंबरा किनाऱ्यालगत आणता येतो. मनोरा पाण्यात असण्यात तिथल्या माणसाला काहीच विचित्र वाटलं नसेल. विचित्र आहे ते त्याच्या पाठीला टेकलेलं चर्च. मनोरा गोल आणि चर्चची भिंत सरळ. चर्चसाठी नव्याने मनोरा बांधायचा असता तर कुठल्याही गवंड्याने तो चौकोनी घेऊन भिंतीत गुंतवला असता. गोल बांधकामाला सरळ भिंत येऊन टेकलेली दिसली की आमच्या कामात पहिला प्रश्न असतो: यातलं आधीचं कोण?

आता ते चर्च तिथे का आलं, यासाठी थोडं मागे जावं लागेल.

कोलियूर स्पेनच्या सीमेपासून हाकेच्या अंतरावर आहे, पिरेनीज पर्वत जिथे समुद्रात उतरतो तिथे. मागे डोंगर, पुढे छोटासा अर्धगोल उपसागर. लेखी इतिहासात ते पहिल्यांदा येतं 673 साली. तेव्हा स्पेनवर राज्य करणाऱ्या व्हिसिगोथ लोकांचा राजा वाम्बा याने बंडखोरांकडून जी ठाणी परत घेतली त्यात ‘काउकोलिबेरी’ नावाचा कोट आहे, तोच हा. म्हणजे पहिल्या उल्लेखातच गाव किल्ला म्हणून भेटतं आणि लढाईच्या निमित्ताने भेटतं. पुढची हजार वर्षं यात फारसा फरक पडला नाही.

मध्ययुगात हे गाव कॅटलान मुलखात होतं, म्हणजे पिरेनीजच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या, कॅटलान भाषा बोलणाऱ्यांच्या मुलखात. वीस-पंचवीस किलोमीटरवरचं पर्पिन्याँ हे कापडासाठी नावाजलेलं शहर, पण त्याला स्वतःचं बंदर नाही. त्याचा माल कोलियूरहून जायचा आणि पूर्वेकडचे मसाले कोलियूरलाच उतरायचे. 1276 मध्ये आरागॉन या स्पेनकडच्या राज्याची वाटणी होऊन मायोर्का बेटाच्या नावाचं स्वतंत्र राज्य झालं. त्याची मुख्य भूमीवरची राजधानी पर्पिन्याँ, आणि बेटांकडे जाण्याची वाट कोलियूरवरून. टेम्पलर या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या पंथातल्या सरदारांचा तिथे आधीपासून कोट होता. मायोर्काच्या राजांनी त्याभोवती राहण्याजोगा वाडा बांधला. आज ‘शातो रोयाल’ म्हणजे राजवाडा म्हणून तिकीट काढून जे पाहतात त्याचा गाभा हाच. हे राज्य 1344 पर्यंत टिकलं, मग आरागॉनने ते परत गिळलं.

बाहेरून पाहाल तेव्हा मात्र राजवाड्याचा मागमूस दिसणार नाही. दिसतात त्या खालून फाकलेल्या, उतरत्या, आंधळ्या भिंती. त्या तोफांच्या जमान्यातल्या. आत शिरलात की अंगण, कमानी, जिने, माणसांच्या मापाच्या खोल्या. चिलखत घातलेल्या माणसाने आत मलमलीचा अंगरखा घालावा तसा हा प्रकार आहे. आत जाताना घाई करू नका. दारातून पहिल्या चौकापर्यंत तुम्ही साधारण चारशे वर्षं मागे चालत जाता.

सोळाव्या शतकात स्पेनची गादीही ज्याच्याकडे होती त्या सम्राट पाचवा चार्ल्स याला फ्रान्सची भीती होती. त्याने गावामागच्या टेकडीवर जुन्या टेहळणी बुरुजाभोवती चांदणीच्या आकाराचा सँ-एल्म किल्ला उभारला. काम 1538 ते 1552 चाललं, इंजिनिअर इटलीचा बेनेदेत्तो दा राव्हेन्ना. गावातून मान वर केली की तो दिसतोच. भीती खरी ठरायला शंभर वर्षं लागली. 1642 च्या वसंतात फ्रान्सच्या तेराव्या लुईच्या फौजांनी कोलियूरला वेढा घातला. सुरुंगाच्या स्फोटात राजवाड्याची विहीर निकामी झाली आणि पाण्यावाचून शिबंदीने हत्यारं खाली ठेवली. जलदुर्ग पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. चारी बाजूंनी समुद्र असला तरी किल्ला जगतो तो गोड्या पाण्याच्या टाक्यावर. कोलियूर गेल्यावर पर्पिन्याँची समुद्राकडून येणारी रसद तुटली आणि त्याच सप्टेंबरात तेही पडलं. 1659 च्या पिरेनीजच्या तहाने हा सगळा रुसियों प्रांत कायमचा फ्रान्सला गेला.

आता तुमच्या मनोऱ्याची गोष्ट.

नवीन सीमा म्हणजे नवीन किल्लेबांधणी. चौदाव्या लुईचा इंजिनिअर व्होबाँ इथे पाहणीला आला. त्याच्या नजरेला जे दिसलं ते मी समजू शकतो, कारण तटबंदीचं काम करणाऱ्याला तेच दिसतं. राजवाड्याच्या पायथ्याशी, भिंतीला खेटून, जुनं गाव पसरलेलं होतं. घरं, गल्ल्या, सांता मारियाचं चर्च. शत्रूला याहून चांगली आडोशाची जागा कुठली? तोफेपुढे मोकळा उतार हवा, ज्याला फ्रेंचमध्ये ग्लासी म्हणतात. उतार इतका साफ हवा की पुढे येणारा प्रत्येक माणूस तटावरून दिसला पाहिजे. व्होबाँचं मत तर असं होतं की अख्खं गावच उठवावं आणि लोकांना शेजारच्या पोर्त-व्हाँद्रला न्यावं, तिथलं बंदर जास्त खोल आहे. तितकं झालं नाही. पण राजवाड्याखालची वस्ती गेली आणि 1672 मध्ये जुनं चर्चही पाडलं गेलं.

मुंबईकरांना याची कल्पना करणं सोपं आहे. ब्रिटिशांनी फोर्टच्या तटासमोरची वस्ती आणि माड हटवून तोफांसाठी मोकळं रान केलं होतं. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल ही त्याचीच उरलेली तुकडी. आपण तिथे क्रिकेट खेळतो, तोफ कुणाला आठवत नाही. कोलियूरलाही राजवाड्याभोवतीच्या मोकळ्या जागेत लोक निवांत फिरतात. त्या मोकळेपणाखाली एक गाव गाडलेलं आहे, हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही.

राहिलेलं गाव दुईच्या पलीकडे, मूरे नावाच्या चढावरच्या भागात दाटलं. दुई म्हणजे एरवी कोरडा पडणारा ओढा. मूरे हा तिथला कोळीवाडा म्हणा ना. बोळ इतके अरुंद की हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील. पण देवळाशिवाय गाव कसं राहणार? आणि उरलेल्या जागेत मोठं चर्च बसणार कुठे? बसलं ते गावाच्या अगदी टोकाला, पाण्याच्या कडेवर, जिथे तो जुना मनोरा आयता उभा होता. 1684 ते 1691 या काळात नोत्र-दाम-दे-झाँज हे नवं चर्च बांधून झालं. मनोरा फुकट मिळाला, त्यातच घंटा बसवल्या.

चर्चमध्ये जरूर जा. आत शिरल्यावर मिनिटभर काहीच दिसत नाही, इतका अंधार. मग हळूहळू समोरून सोनं उजळू लागतं. मुख्य वेदीमागचा तो लाकडी, सोन्याचा मुलामा दिलेला भव्य देव्हारा जोसेप सुन्येर या कॅटलान कारागिराचा, 1698 च्या सुमाराचा. सीमा बदलून चाळीस वर्षं झाली होती, राजा फ्रेंच होता, पण देव्हारा घडवायला माणूस आला तो डोंगरापलीकडच्या परंपरेतला. ‘फ्रेंच की स्पॅनिश’ या तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या अंधारात आहे. गाव कॅटलान. फ्रेंच आणि स्पॅनिश ही त्याच्या मालकांची नावं, आणि ती बदलत राहिली. 1793 च्या डिसेंबरात स्पॅनिशांनी ते परत घेतलंही होतं. पाच महिन्यांनी फ्रेंच जनरल द्युगोमिएने ते सोडवलं.

राजे जातात-येतात, गावाचं पोट मात्र एका मासळीवर चाललं. आन्शोआ, इंग्रजीत अँचोव्ही. आपली मांदेली याच कुळातली, त्यामुळे तोंडवळा ओळखीचा वाटेल. फरक असा की आपण मांदेली रव्यात घोळवून तळतो, ते ही मासळी मिठात महिनोन्‌महिने मुरवतात.

खारवण्याच्या धंद्याचा कणा म्हणजे मीठ, आणि जुन्या फ्रान्समध्ये मिठावर ‘गाबेल’ नावाचा जाचक कर होता. अकराव्या लुईच्या ताब्यात हा प्रांत काही काळ होता, तेव्हा 1466 मध्ये त्याने कोलियूरला या करातून सूट दिली. खारवणाऱ्या गावाला यापेक्षा मोठं दान काय द्यायचं? 1659 नंतर उलटं झालं. 1661 मध्ये चौदाव्या लुईने रुसियोंवर गाबेल लादला आणि प्रांताच्या डोंगराळ भागात ‘आंजलेत’ म्हणवणाऱ्या लोकांनी अनेक वर्षं बंड चालवलं. मिठावरून सत्तेशी भांडण कसं पेटतं, हे आपल्याला शिरोड्याच्या मिठागरांमुळे ठाऊक आहे.

काम कसं चालतं ते एका खारवणाऱ्या कारखान्यात मी तासभर उभं राहून पाहिलं. मासळी आली की आधी तिला मीठ लावायचं, अजिबात थांबायचं नाही. मग बायका एकेक मासा हातात घेतात. अंगठा आणि तर्जनीचा एक झटका, डोकं आणि आतडी एकदम बाहेर. सुरी नाही. मग पिंपात मासळीचा एक थर गोल मांडायचा, वर मीठ, पुन्हा थर, पुन्हा मीठ. वर वजन ठेवायचं म्हणजे सुटलेलं तेल-पाणी वर येतं. असं निदान तीन महिने. पांढरट मांस हळूहळू लालसर तपकिरी होतं आणि वासही बदलतो. पहिल्या आठवड्याचं पिंप उघडलं तर ताज्या मासळी बाजाराचा वास. मुरलेलं पिंप उघडलं तर सुक्या हॅमचा. शेवटी धुऊन, हातानेच काटा काढून तुकडे करायचे. पुरुष समुद्रावर आणि बायका पिंपांपाशी, ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालली. आपल्या कोळणींना हे सांगितलं तर त्या म्हणतील, यात नवीन काय?

होड्यांबद्दल एक. तिथल्या जुन्या कॅटलान होडीला एकच तिरकं, त्रिकोणी शीड असतं आणि डोलकाठी किंचित पुढे कललेली. आपल्या मचव्याची डोलकाठीही पुढेच झुकते. बंदरात शोभेसाठी ठेवलेली ती रंगीत होडी पाहून माझ्यासोबतचा रत्नागिरीचा सुतार म्हणाला, “हिला आमच्यात धाडा, कुणी परकी म्हणायचं नाही.” या होड्या धक्क्याला बांधत नसत, बोरामारच्या पुळणीवर ओढून ठेवत.

आज मासेमारी गावात नावापुरती आहे. मोठ्या बोटी पोर्त-व्हाँद्रला लागतात. व्होबाँचं म्हणणं असं अडीच-तीनशे वर्षांनी खरं झालं. एकेकाळी खारवणारे कितीतरी कारखाने होते, आता दोनच घराणी राहिली आहेत. एक 1870 पासूनचं, दुसरं 1903 पासूनचं. 2004 मध्ये ‘कोलियूरची आन्शोआ’ या नावाला युरोपियन भौगोलिक संरक्षण मिळालं, आपल्या जीआय टॅगसारखं. ते संरक्षण खारवण्याच्या पद्धतीला आहे. मासळी आता बरीचशी बाहेरून येते. दुकानात विचारा, ते लपवत नाहीत.

चित्रकारांचं मी भराभर सांगतो, कारण तिथला प्रत्येक गाईड तेवढंच सांगतो. 1905 च्या मे महिन्यात आंरी मातिस इथे आला, जुलैत त्याने आंद्रे दरँला बोलावून घेतलं. मातिस पस्तीस वर्षांचा, दरँ पंचविशीचा. त्या उन्हाळ्यात दोघांनी लाल रेती, नारिंगी डोलकाठ्या, गुलाबी पाणी रंगवलं. ऑक्टोबरात पॅरिसच्या प्रदर्शनात ही चित्रं लागली तेव्हा लुई व्होक्सेल या समीक्षकाने चित्रकारांना ‘फोव्ह’, म्हणजे जंगली जनावरं, म्हटलं. शिवी बिरुद झाली. मातिसचं ‘उघडी खिडकी’ हे चित्र आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. गावात जिथे उभं राहून चित्रं काढली तिथे त्यांच्या प्रती लावल्या आहेत, पायी फिरून पाहता येतात. माझं एक निरीक्षण तेवढं जोडतो. या चित्रांत पुन्हा पुन्हा येणारा मनोरा, त्याला लागून चर्च, पुढे होड्या, हा देखावा ‘निसर्गरम्य’ म्हणून जगभर गेला. तो निसर्गाने मांडलेला नाही, लष्करी नकाशावरच्या खोडाखोडीतून उरलेला आहे.

आणि एक प्रकरण जे गाईड घाईने उरकतात. 1939 च्या जानेवारी-फेब्रुवारीत, स्पेनच्या यादवी युद्धात जनरल फ्रँकोच्या सैन्यापुढे हरलेले पावणेपाच लाखांच्या आसपास स्पॅनिश लोक ही सीमा ओलांडून फ्रान्समध्ये आले. त्यात कवी आन्तोनियो माचादो होता. त्रेसष्ट वर्षांचा, आजारी, सोबत म्हातारी आई, भाऊ आणि भावजय. 28 जानेवारीला ते कोलियूरच्या स्टेशनवर उतरले आणि गावातल्या एका छोट्या हॉटेलात राहिले. एकदा त्याने भावाला म्हटलं, समुद्र बघायला चल. दोघं जाऊन पुळणीवर ओढलेल्या एका होडीवर बसले. 22 फेब्रुवारीला तो गेला, तीन दिवसांनी आई गेली. नंतर भावाला माचादोच्या कोटाच्या खिशात एक चुरगळलेला कागद मिळाला, त्यावर एक ओळ लिहिलेली, निळे दिवस आणि बालपणीचं ऊन यांबद्दलची. दोघांची कबर गावाच्या दफनभूमीत आहे, वर टपालपेटी बसवली आहे, आणि लोक आजही त्याला पत्रं टाकतात.

त्याच मार्चमध्ये राजवाड्याचा तुरुंग झाला. स्पॅनिश प्रजासत्ताकाचे आणि त्याच्या बाजूने लढायला आलेल्या परदेशी स्वयंसेवकांच्या आंतरराष्ट्रीय तुकड्यांचे जे सैनिक फ्रेंच सरकारला ‘धोकादायक’ वाटले त्यांना तिथे डांबलं. हालअपेष्टांची बोंब झाली, खटला उभा राहिला आणि वर्षअखेरीस तो तुरुंग बंद करावा लागला. म्हणून म्हणालो, अंगणात घाई करू नका. मायोर्काच्या राजांच्या त्याच चौकात हे कैदी हजेरीला उभे राहत.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो, लष्कर अजूनही गेलेलं नाही. गावावरच्या मिरादू किल्ल्यात फ्रेंच सैन्याचं कमांडो प्रशिक्षण चालतं. सकाळी लवकर उठलात तर पाठीवर ओझं घेऊन पळणारी पोरं दिसतील.

मुक्काम एकच रात्रीचा आहे, तर संध्याकाळी राजवाड्याच्या पलीकडच्या पोर-दाव्हालच्या किनाऱ्यावर बसा. उजेड उतरता असतो आणि मनोरा, चर्च, मूरेची घरं एका ओळीत येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चच्या मागून, सँ-व्हाँसाँच्या छोट्या देवळाकडे जाणाऱ्या बांधावर जा. ते देऊळ पूर्वी बेटावर होतं, आता बांधाने जोडलंय. तिथून वळून पाहिलं की गोल मनोऱ्याला सरळ भिंत कुठे येऊन टेकते ते नेमकं दिसतं. त्रामोंताना म्हणजे उत्तरेचा वारा सुटला असेल तर टोपी हातात धरा, आणि लाटा बांधावर येत असतील तर हा भाग सरळ सोडून द्या. दगड निसरडे आहेत, माझा एक चष्मा तिथेच पाण्यात आहे.